चाक मोठं केल्याने गाडी रेसची होत नाही, राजेहो!

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात वीस-पंचवीसचा मुलगा आणि दारात चारचाकी आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

सध्या मेहकरात बघा, चिखलीत बघा, जालन्यात बघा, एकच फॅड आहे. साधी हॅचबॅक घ्यायची. सोयाबीनचे पैसे हातात आले की कंपनीची चौदा-पंधरा इंची चाकं काढून विकायची आणि सतरा-अठरा इंची अलॉय टाकायचे. त्यावर पट्टीसारखा पातळ टायर. मागच्या काचेवर 'रेसिंग'चं स्टिकर. मग समृद्धीवर जायचं आणि मीटरचा काटा दाखवत रील काढायची. पोट्ट्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं: "भाऊ, ग्रिप वाढते. ट्रॅकच्या गाड्यांना असंच असतं."

नसतं. आणि हे मी नाही, आकडे सांगतात. हिशोब सातवीच्या पोराला जमेल असा आहे, म्हणून इथेच मांडतो.

टायरवर आकडे लिहिलेले असतात. उदाहरण म्हणून आपल्याकडे घरोघरी असलेली स्विफ्ट घ्या. टॉप मॉडेलवर १८५/६५ आर १५ हा टायर येतो. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. १५ म्हणजे रिम किती इंची. आता गुणाकार करा. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२० मिमी. वरची भिंत आणि खालची भिंत मिळून २४०. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिमी. बेरीज ६२१ मिमी. ही झाली पूर्ण चाकाची उंची.

आता खालच्या मॉडेलचा टायर बघा: १६५/८० आर १४. तोच हिशोब केला की येतात ६२० मिमी. म्हणजे रिम एक इंचाने वाढली, टायर रुंद झाला, पण चाकाची एकूण उंची कंपनीने हलू दिली नाही. हा योगायोग नाही. गिअर, स्पीडोमीटर, एबीएस, शॉकअप, मडगार्डमधली जागा, सगळं त्या ६२० मिमीच्या भोवती बसवलेलं असतं. चाक निवडण्याचा पहिला नियम हाच: रिम वाढवली तर टायरची भिंत तेवढी कमी झाली पाहिजे, एकूण उंची तीच राहिली पाहिजे.

इथे आपले पोट्टे म्हणतील, बघा, आम्ही तेच करतो. १८ इंची रिम, त्यावर २१५/३५. करा हिशोब. उंची येते ६०७ मिमी. गाडी सात मिमी खाली बसली, ते एक वेळ सोडून द्या. भिंत किती उरली? ७५ मिमी. कंपनीने दिलेल्या १२० मधले ४५ मिमी गेले. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा पहिला मार ही भिंत खाते. ती दबते, म्हणून रिम वाचते. ती नसेल तर मार थेट रिमवर, रिमवरून बेअरिंगवर, लोअर आर्मवर, शॉकअपवर. टायर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटला की आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. तो फुगा घेऊन समृद्धीवर शंभर-एकशेवीसने जाणारी गाडी मी सांगायची गरज नाही, तुम्हीच आठवा.

आपले रस्ते कसे आहेत? समृद्धी ७०१ किलोमीटरची आहे, पण समृद्धीवर चढायला आधी गावातून निघावं लागतं की नाही? तालुक्याचा रस्ता, पुलाच्या तोंडाशी बसलेली माती, कोणी रातोरात टाकलेला गतिरोधक, पाइपलाइनसाठी खोदून तसाच सोडलेला चर. हे सगळं ७५ मिमी रबरावर पार करायचं?

दुसरी गोष्ट वजनाची, आणि ती फारच कमी लोक बघतात. टायरवर आकाराच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं. ८८ एच, ८४ व्ही असं काहीतरी. तो आकडा म्हणजे लोड इंडेक्स. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो उचलू शकतो. ८४ म्हणजे ५०० किलो. दुकानदार तुम्हाला सतरा इंचीत ८४ चा टायर बसवून देतो, दिसायला झकास. पण चार टायर मिळून गाडीची क्षमता २४० किलोने खाली आली. दोन क्विंटल चाळीस किलो, राजेहो! मग त्याच गाडीत पाच माणसं, डिकीत गहू-डाळीचं पोतं, शेगावला दर्शनाला निघाले. अक्षराचंही तसंच. एस म्हणजे ताशी १८० पर्यंत, टी १९०, एच २१०, व्ही २४०. कंपनीने दिलेल्यापेक्षा आकडा किंवा अक्षर खाली जाता कामा नये, साधा नियम आहे. मोठ्या रिमसाठी जास्त वजन घेणारे 'एक्सएल' टायर मिळतात, पण त्यांना हवाही जास्त लागते. आपल्याकडे हवा कोण मोजतं?

उलटी चूकही होते. गाडी उंच दिसावी म्हणून १९५/६० आर १६ टाकणारे आहेत. हिशोब केला तर उंची ६४० मिमी, म्हणजे तीन टक्के जास्त. मीटर १२० दाखवतं तेव्हा गाडी जवळपास १२४ ने पळत असते. कॅमेऱ्याने दंड मारला की मग हेच लोक मला फोन करतात, "भाऊ, आरटीओचं मशीन खराब आहे, बातमी लावा."

आता येऊ या ट्रॅकवर, कारण सगळी फुशारकी तिथूनच येते.

रेस करणारी माणसं चाक कसं निवडतात? त्यांचा पहिला प्रश्न असा: माझ्या ब्रेकवर बसेल असं सगळ्यात लहान रिम कोणतं? हो, सगळ्यात लहान. ब्रेकची डिस्क आणि कॅलिपर मोठा असेल तरच रिम मोठी घेतात, शोभेसाठी नाही. दुसरा प्रश्न, त्याचं वजन किती? कारण चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. वरचं वजन स्प्रिंग सांभाळते, खालचं वजन रस्त्यावर आदळत राहतं. शिवाय चाक फिरतं. जड चाक फिरवायला इंजिनाची ताकद लागते आणि थांबवायला ब्रेकची. स्वस्तातला मोठा ओतीव अलॉय कंपनीच्या छोट्या चाकापेक्षा सहज दोन-तीन किलो जड असतो. आपल्या हॅचबॅकचं इंजिन ८०-९० बीएचपीचं. त्याच्या चारही पायांना वजन बांधायचं आणि म्हणायचं गाडी रेसची झाली!

तिसरा प्रश्न रबराचा. ग्रिप वाढते ती रबर कसलं आहे यावर, आणि रुंदी रिमला किती जुळते यावर. १९५/५५ चा टायर साडेपाच ते सात इंच रुंदीच्या रिमवर बसवायचा असतो. आपल्याकडे तोच ताणून आठ इंची रिमवर चढवतात, कारण रिम बाहेर आलेली 'भारी' दिसते. ताणलेल्या टायरची कड रिमला नीट धरून राहत नाही. वळणावर जोर आला की हवा सुटते. ट्रॅकवर असली गाडी आणली तर गेटवरच परत पाठवतील.

फॉर्म्युला वनचं उदाहरण देतो, कारण रीलवाल्यांना तेवढंच नाव माहीत असतं. जगातल्या सगळ्यात वेगवान रेसगाड्या, आणि २०२१ पर्यंत त्यांच्या रिम होत्या १३ इंची! आपल्या स्विफ्टच्या खालच्या मॉडेलपेक्षा एक इंचाने लहान. २०२२ पासून त्या १८ इंची झाल्या. का? रस्त्यावरच्या गाड्यांशी त्यांचं नातं दिसावं, हे त्यातलं मोठं कारण. चाकं आधीपेक्षा जड झाली. म्हणजे तिथेही मोठी रिम आली ती वेग वाढवायला नाही. आणि त्या गाड्या बिलियर्डच्या टेबलासारख्या सपाट डांबरावर पळतात, मेहकर-चिखली रस्त्यावर नाही.

ट्रॅकचा शौक असलेली शहाणी माणसं दोन सेट ठेवतात. रस्त्याला एक, ट्रॅकला एक. ट्रॅकचं मऊ रबर तापल्यावर पकडतं. सकाळी थंडीत किंवा पहिल्या पावसात ते रस्त्यावर दगा देतं, आणि काही हजार किलोमीटरमध्ये संपतं. शिवाय ट्रॅकवर दर काही फेऱ्यांनी थांबून हवा मोजतात, कारण टायर तापला की दाब वाढतो. आपल्याकडे दिवाळी ते दिवाळी हवा मोजणारा माणूस 'ट्रॅक सेटअप'च्या गप्पा मारतो.

आता आक्षेप. या विषयावर बोललं की तीन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात, त्यांना उत्तर देतो.

एक. "सुझुकीने स्वतः परदेशात स्विफ्ट स्पोर्टला सतरा इंची दिली." खरं आहे. १९५/४५ आर १७. पण त्या गाडीचे स्प्रिंग, शॉकअप, ब्रेक, स्टिअरिंग सगळं त्या चाकासाठी वेगळं बसवलेलं आहे. आणि तीच कंपनी, तेच नाव, भारतात गाडी विकताना १४ आणि १५ इंचीच देते. तिला सतरा इंची बनवता येत नाही म्हणून? तिला आपले रस्ते माहीत आहेत म्हणून. कंपनीला जे कळतं ते आपल्याला कळायला काय हरकत आहे?

दोन. "मग काहीच बदलायचं नाही का?" बदला की! खालच्या मॉडेलला त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचं चाक टाकणं हा सगळ्यात सुरक्षित बदल आहे. उंची तीच, कंपनीने स्वतः तपासलेलं. त्याहून एक पायरी वर म्हणजे १९५/५५ आर १६. उंची ६२१ मिमी, भिंत १०७ मिमी. चांगल्या कंपनीचं रबर आणि योग्य लोड इंडेक्स असेल तर चालून जाईल. मी शौकाच्या विरोधात नाही. पण खरं सांगू? आहे त्याच पंधरा इंची रिमवर उत्तम प्रतीचे टायर टाकले, अलाइनमेंट केली, ब्रेक पॅड नवे घातले, तर गाडी त्या अठरा इंची दिखाऊ गाडीपेक्षा लवकर थांबेल आणि वळणावर जास्त शहाण्यासारखी वागेल. खर्चही निम्म्यात. फक्त रीलमध्ये दिसणार नाही. दुखणं तेच आहे.

तीन. "माझी गाडी, माझे पैसे." गाडी तुझी, बरोबर. रस्ता कोणाचा? तुझा टायर फुटून गाडी दुभाजक ओलांडून पलीकडे गेली तर समोरून येणाऱ्या कुटुंबाने काय पाप केलं?

टायर फुटण्यावर आणखी थोडं. आपल्या जिल्ह्याला १ जुलै २०२३ ची रात्र विसरता येणार नाही. सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली, २५ माणसं गेली. सुरुवातीला सांगितलं गेलं की टायर फुटला. परिवहन विभागाच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. 'टायर फुटला' हे आपल्याकडे कायमचं उत्तर झालंय. म्हणजे कोणाचाच दोष नाही, देवाची करणी. पत्रकार म्हणून मला हे उत्तर मान्य नाही. टायर उगाच फुटत नाही. हवा कमी असते, वजन जास्त असतं, टायर जुना असतो, भिंतीत जुना मार असतो, नाहीतर आकार चुकीचा असतो. प्रत्येक कारणामागे एक माणूस असतो.

एकशेवीसच्या वेगाला आपल्या स्विफ्टचं चाक मिनिटाला हजारावर फेरे मारतं. प्रत्येक फेऱ्यात टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो आणि सुटतो. हवा कमी असेल तर जास्त दबतो, जास्त तापतो. त्यात विदर्भाचा मे महिना आणि खाली तापलेलं काँक्रीट. तरी आपल्याकडे अजून सांगतात, "उन्हाळा आहे, हवा दोन पॉइंट कमी ठेव." हे साफ चूक आहे. हवा कंपनीने सांगितली तेवढीच, सकाळी टायर थंड असताना मोजून. नायट्रोजन भरला म्हणून मोजणं सुटत नाही.

आता दुकानदार मंडळींकडे वळतो. सगळे वाईट नाहीत. आपल्या भागातले काही टायरवाले गिऱ्हाइकाला तोंडावर "हे बसवू नको" म्हणून सांगतात, त्यांना नमस्कार. पण बाकीचे? बोल्टच्या भोकांचं अंतर जुळलं की झालं, रिम बसली, पैसे मोजा. मधलं भोक गाडीच्या हबपेक्षा मोठं आहे, त्यात रिंग घातली का? नाही. मग ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि गिऱ्हाईक बॅलन्सिंगवर बॅलन्सिंग करत बसतं. ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किती बाहेर, तो विचारला तर "सगळ्याला बसतं" असं उत्तर. नाही बसलं तर स्पेसर ठोकून बाहेर काढायचं. बाहेर आलेलं चाक बेअरिंगवर लांब दांड्यासारखा जोर टाकतं. पावती? "पक्की पाहिजे तर वेगळा रेट." आणि स्टेपनी? ती डिकीत जुनीच. उंची वेगळी झाली असेल तर पंक्चरच्या दिवशी गाडी तीन चाकांवर एक आणि चौथ्यावर दुसरी.

आणि सरकारी बाजू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करायचा नाही. कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा कडक आहे. पण कोणतं चाक या कलमात बसतं आणि कोणतं नाही, याचा निवाडा होतो रस्त्याच्या कडेला, आणि रस्त्याच्या कडेला निवाडा कसा होतो ते सगळ्यांना माहीत आहे. नियम धूसर ठेवला की तडजोडीचं दुकान चालतं. दंडाने सुरक्षितता येत नाही, तपासणीने येते. समृद्धीवर टायर तपासणीच्या मोहिमा झाल्या, चांगलं झालं. कारच्या टायरला १.६ मिमी नक्षी उरली पाहिजे, तेवढं बघितलं जातं. पण नक्षी कोरी करकरीत आणि लोड इंडेक्स कमी, भिंतीवर फुगा, टायर आठ वर्षं जुना, याचं काय?

दुसरं, पोरांच्या वेगाच्या हौसेला आपण जागा कुठे दिली? चाकण-पिंपरीत गाड्या बनतात. चाकणला ब्रिजस्टोनचा कारखाना, नाशिकला सिएटचा. गाड्या तपासणारी एआरएआय पुण्यात. पण रेस करायची तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला जा, कोइंबतूरला जा, नाहीतर ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर जा.  मोठा ट्रॅक राहू द्या, विभागात एखादं बंदिस्त मैदान, अॅम्ब्युलन्स, हेल्मेट, रविवारी माफक फी, एवढं तरी? नाही. मग बायपास हाच ट्रॅक, रात्री अकरानंतर. त्याचे परिणाम आमच्या पेपरात तिसऱ्या पानावर चार ओळीत येतात.

आता कामाचं. खाली लिहितो ते मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.

१. ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर किंवा दाराच्या कडेला स्टिकर आहे, त्यावर टायरचा आकार आणि हवा लिहिली आहे. नसेल तर गाडीच्या पुस्तकात बघा. तोच पाया.

२. नवं चाक घेताना एकूण उंचीचा वरचा हिशोब करा. मूळ उंचीच्या शक्य तितक्या जवळ. तीन टक्के म्हणजे खूप झाले.

३. लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर मूळपेक्षा कमी नको.

४. आपल्या रस्त्यांवर छोट्या गाडीची टायरची भिंत १०० मिमीच्या खाली नेऊ नका. हा कायदा नाही, माझं मत आहे, पण रिम दुरुस्त करणाऱ्या कोणालाही विचारा.

५. रिमची रुंदी, बोल्टचं अंतर, मधलं भोक, ऑफसेट, चारही विचारा. दुकानदाराला चारातलं एक जरी सांगता आलं नाही तर उठून या.

६. टायरवर आणि रिमवर आयएसआयची खूण बघा. टायरवरचे शेवटचे चार अंक बघा. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. 'नवीन' म्हणून तीन-चार वर्षं गोदामात पडलेला माल गळ्यात मारतात.

७. एका अॅक्सलवर दोन वेगळे टायर नकोत. स्टेपनीची उंची तपासा.

८. बदल केला तर विमा कंपनीला लेखी कळवा. क्लेमच्या दिवशी वाद घालण्यापेक्षा आज एक ईमेल बरी.

बापलोकांना एक विनंती. पोराने अलॉयसाठी चाळीस-पन्नास हजार मागितले तर नाही म्हणू नका, प्रश्न विचारा. भिंत किती मिमी? लोड इंडेक्स किती? वजन किती किलो? उत्तरं आली तर द्या पैसे, पोरगं अभ्यास करून आलंय. नाही आली तर तेवढ्याच पैशात चांगले टायर, ब्रेक आणि अलाइनमेंट करून घ्या.

आणि आरटीओ साहेबांना जाहीर विनंती: येत्या उन्हाळ्याआधी मेहकर आणि सिंदखेडराजा इंटरचेंजवर एक दिवस दंडाविना तपासणी ठेवा. हवा, लोड इंडेक्स, तारीख, फुगे, एवढंच बघा आणि लोकांना समजावून सांगा. तारीख कळवा, बातमी मी लावतो, फोटोसकट.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये आपल्या टायरचा आकडा टाका, हिशोब करून दाखवतो. पण आधी खाली जाऊन दारावरचं ते स्टिकर बघून या.